फोर्कलिफ्टची मोटर उघडताना

जुन्या विजेवरच्या फोर्कलिफ्टमध्ये बहुधा डीसी सिरीज मोटर असते. तिचे फील्ड (चुंबकत्व देणारे स्थिर वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) एकाच प्रवाहमार्गात असल्यामुळे जड गाडी जागेवरून हलवताना ती भरपूर जोर देते, पण भाराविना पूर्ण व्होल्टेजवर चालवली तर वेग आवरत नाही आणि आर्मेचर फुटूही शकते. म्हणून टेबलावर तपासताना मी मोटर घट्ट आवळतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरच फिरवतो.

परवा उघडलेल्या मोटरीचा कम्युटेटर (आर्मेचरवरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे; त्यावर टेकलेले कार्बनचे ब्रश आर्मेचरला प्रवाह देतात) चॉकलेटी आणि गुळगुळीत होता. हा रंग घासून काढायचा नसतो, कारण तो पातळ थरच ब्रशची झीज कमी ठेवतो. दोष निराळाच होता: एक कार्बन ब्रश होल्डरमध्ये अडकल्यामुळे स्प्रिंग त्याला दाबू शकत नव्हती, त्याची तांब्याची वेणी उष्णतेने काळवंडली होती, आणि साचलेल्या काळ्या भुकटीतून प्रवाह बॉडीपर्यंत झिरपत होता. ती भुकटी मी व्हॅक्यूमने ओढून घेतली (दाबाच्या हवेने ती वाइंडिंगमध्ये आणखी खोल शिरते), तेव्हा ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) इन्सुलेशन पुन्हा मेगओहममध्ये, म्हणजे लाखो ओहममध्ये, दिसू लागले. ब्रश मात्र एकच न बदलता पूर्ण संच बदलला आणि प्रत्येक ब्रश बारीक काचपेपरने कम्युटेटरच्या गोलाईला जुळवून घेतला.