अर्ध्या मिनिटाची नाडी

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून मी नेहमीप्रमाणे घणसोलीला उतरले, रिक्षाने एमआयडीसीतल्या कारखान्यात पोहोचले आणि आठच्या आत दवाखान्यात येऊन बसले, कारण त्या दिवशी एका मोठ्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रसायने तयार करण्याच्या बंदिस्त टाकीत, माणूस उतरणार होता. रिअॅक्टरच्या आतल्या भिंतीवर चढलेला थर काढण्याची नवी पद्धत आमच्या तंत्रज्ञांनी बसवली होती आणि तिची ती पहिलीच चाचणी होती. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावायचा, अंगाला हार्नेस बांधायचा, मॅनहोलमधून आत उतरायचे आणि चाळीसेक मिनिटे तिथे राहून काम करायचे, असा बेत होता. ज्या फिटरची निवड झाली होती त्यांच्याइतका सराईत हात आमच्याकडे दुसरा नव्हता.

तपासणी रोजच्यासारखीच चालली होती. रक्तदाब ठीक होता, छाती स्वच्छ होती. शेवटी मी मनगट हातात घेतले आणि नाडी मोजू लागले, तर तिला लयच नव्हती. अधूनमधून एखादा ठोका चुकणे वेगळे, ते पुष्कळांच्या बाबतीत आढळते. इथे दोन ठोके घाईने येत होते, मग एक रेंगाळत होता, मग तीन पाठोपाठ, आणि पुढचा केव्हा येईल याचा काही अंदाज लागत नव्हता. हे अर्धा मिनिट चालले असेल. घड्याळावरची नजर न काढता मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले तेव्हा नाडी सरळ झाली होती. पलीकडच्या खोलीत नेऊन ईसीजी काढेपर्यंत सात-आठ मिनिटे गेली आणि हातात आलेल्या पट्टीवर नाव ठेवायला जागा नव्हती.

“मॅडम, रात्री झोप झाली नाही आणि सकाळपासून तीन चहा झालेत. तेवढंच असेल,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “महिनाभर घरी सांगतोय, पहिला मी उतरणार म्हणून.”

त्यांना तीन चहा झाले होते हे खरे होते, आणि तेवढेच कारण असण्याची शक्यताही बरीच होती. तरीही मी हृदयाची पुढची तपासणी होईपर्यंत ‘तात्पुरते अनफिट’ असे लिहिले आणि सही केली. ते काही न बोलता शर्टाची बटणे लावून निघून गेले. चाचणी दुसऱ्या फिटरने केली आणि ती सुरळीत पार पडली. पुढच्या पंधरवड्यात, ज्यांना मी थांबवले होते त्यांची इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आणि चोवीस तास ठोके नोंदवणारी होल्टर तपासणी झाली, त्यांतही काही निघाले नाही. प्लांट मॅनेजरांनी मला सरळपणे, कोणताही आकस न ठेवता विचारले, “डॉक्टर, म्हणजे काहीच नव्हते ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ या अवकाशस्थानकावर गेले तेव्हा मी चौथीत होते आणि तेव्हापासून अंतराळप्रवासाविषयी जे मिळेल ते वाचत आले आहे. त्या स्थानकावर त्या वेळी ओलेग अतकोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ मुक्कामाला होते, हे मला वैद्यकीय शिक्षण घेताना कळले आणि फार अप्रूप वाटले. सहकारी म्हणून एका टेबलाशी जेवायचे आणि डॉक्टर म्हणून त्याच माणसाच्या हृदयावर लक्ष ठेवायचे, हे एकाच माणसाने कसे निभवायचे असेल, याचा विचार मी तेव्हा केवळ कुतूहलाने करत असे. त्या फेब्रुवारीनंतर मात्र तो माझा स्वतःचा प्रश्न झाला आणि मी जुने वाचन पुन्हा काढून बसले.

सर्वांत जवळचे वाटले ते अमेरिकी अंतराळवीर केन मॅटिंग्ली यांचे प्रकरण. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो-१३ चे उड्डाण काही दिवसांवर आले असताना राखीव तुकडीतल्या चार्ली ड्यूक यांना एका मित्राच्या मुलाकडून जर्मन गोवर झाला. मुख्य तुकडीतल्या तिघांचेही रक्त तपासले गेले आणि एकट्या मॅटिंग्लींच्या शरीरात या रोगाची प्रतिकारशक्ती नसल्याचे आढळले. या आजाराचा उबवणीचा काळ साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. म्हणजे त्यांना लागण झालीच असेल तर ताप आणि पुरळ नेमके प्रवासात उमटण्याची शक्यता होती. दोन सहकारी चंद्रावर उतरल्यावर मुख्य यानात चंद्राभोवती एकट्याने फिरत राहणे आणि ते परत आले की यानाला यान अचूक जोडून घेणे, हे काम मॅटिंग्लींचे होते. नासाचे डॉक्टर चार्ल्स बेरी यांनी त्यांना थांबवण्याचा सल्ला दिला आणि अगदी शेवटच्या घटकेला त्यांच्या जागी जॅक स्वायगर्ट गेले. मॅटिंग्लींना त्या दिवशी काहीही होत नव्हते.

पुढे १३ एप्रिलला प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. पृथ्वीवर राहिलेले मॅटिंग्ली, गोठलेले यान उरल्यासुरल्या विजेत पुन्हा कसे सुरू करायचे याचा क्रम ठरवण्याच्या कामाला लागले. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो आणि सांगणारे तो असा सांगतात की जणू डॉक्टरांचा निर्णय त्यामुळे बरोबर ठरला. मला ते पटत नाही. टाकीत बिघाड होणार हे बेरींना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर मॅटिंग्लींना जर्मन गोवर कधी झालाच नाही, म्हणून तो निर्णय चुकीचा होता असे म्हणणारेही होते. माझ्या मते दोन्ही मापे खोटी आहेत. डॉक्टरांच्या हातात त्या दिवशी काय होते, एवढेच पाहायला हवे. रक्ताचा अहवाल, उबवणीच्या दिवसांची गणती आणि चंद्राच्या पलीकडे एकटा पडणारा माणूस, एवढेच त्यांच्या हातात होते. माझ्या हातात अर्ध्या मिनिटाची नाडी होती.

ज्याचा जीव तो स्वतःच तयार असेल तर अडवणारे तुम्ही कोण, असे मला एका सहकाऱ्याने नंतर विचारले. प्रश्न रास्त आहे, पण रिअॅक्टरच्या बाबतीत त्याचे उत्तर स्पष्ट आहे. आतला माणूस कोसळला तर अरुंद मॅनहोलमधून त्याचे निर्जीवासारखे झालेले शरीर वर ओढावे लागते आणि ते सहज निघत नाही. मग तोंडाशी उभा असलेला त्याचा सोबती जिवाची पर्वा न करता आत उडी घेतो. बंदिस्त जागांच्या अपघातांत वाचवायला गेलेली माणसे वारंवार दगावतात, ती अशी. त्या फिटरनी दिलेली संमती त्यांच्या स्वतःच्या जिवापुरती होती. मॅनहोलशी उभ्या असलेल्या पोराला कोणी काही विचारलेच नव्हते.

अवकाशयानांच्या इतिहासातही बंदिस्त जागेतला अपघात घडलेला आहे, आणि तोही जमिनीवर. १९ मार्च १९८१ रोजी कोलंबिया या स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणाची तालीम संपल्यावर काही तंत्रज्ञ यानाच्या मागच्या कप्प्यात कामाला शिरले. आग लागू नये म्हणून तो कप्पा नायट्रोजनने भरलेला होता आणि हे त्यांना ठाऊक नव्हते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि त्यात श्वास घेताना गुदमरल्यासारखेही वाटत नाही, कारण गुदमरण्याची जाणीव होते ती शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो. जॉन ब्यॉर्नस्टॅड हे तंत्रज्ञ त्याच दिवशी गेले. आमच्याकडे गॅस टेस्टरवर प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला की आत उतरण्याचे परमिट फाडले जाते आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमातले कलम ३६ याच धोक्यासाठी लिहिले गेले. अशा जागेत ज्याच्या हृदयाचा भरवसा नाही अशा माणसाला पाठवणे मला मान्य नाही, मग चाचणी कितीही महत्त्वाची असो.

म्हणून प्रयोगच करू नयेत असे मी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली एक हकीकत मला या बाबतीत नेहमी सावध करते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर अकरा जणांच्या मानेतल्या शिरांचा सोनोग्राफीने अभ्यास चालू होता. मुक्कामाला दोनेक महिने झाले असताना त्यांतल्या एकाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. त्या व्यक्तीला काहीही त्रास होत नव्हता आणि हा प्रयोग नसता तर ती गुठळी कोणालाही कळली नसती. आता काय करायचे? औषध न द्यावे तर गुठळी सरकून फुप्फुसात जाण्याचे भय. रक्त पातळ करण्याचे औषध द्यावे तर, जिथे शस्त्रक्रिया करता येत नाही अशा ठिकाणी, एखादा मार लागून रक्तस्राव होण्याचे भय. स्थानकावर त्या औषधाच्या, म्हणजे एनॉक्सापरिनच्या, कुप्या मोजक्याच होत्या. शिवाय वजनरहित अवस्थेत कुपीतले औषध सिरिंजमध्ये ओढून घेणे हेही एक दिव्यच, कारण द्रव कुपीच्या तळाशी बसत नाही. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी आहे तो साठा पुरवत चाळीसहून अधिक दिवस इंजेक्शने चालू ठेवली आणि मालवाहू यानाने गोळ्या पोहोचल्यावर त्या सुरू केल्या. तो अंतराळवीर की अंतराळवीरांगना, हेही जगाला सांगितले गेले नाही. धोका, उपाय आणि गोपनीयता या तिन्हींचे भान त्या डॉक्टरांनी राखले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अँड्र्यू गॅफनी यांच्याविषयी मात्र माझे मन द्विधा आहे. जून १९९१ मध्ये हे हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी घेऊन स्पेस शटलमधून वर गेले. वजनरहित अवस्थेत हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब वाढेल अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात तो कमी झालेला आढळला. इतके मोलाचे निरीक्षण त्यांनी दुसऱ्या कोणाच्या अंगावर जोखीम न टाकता स्वतःच्या अंगावर घेतले, याचे मोठेपण मी नाकारू शकत नाही. तरीही मला वाटते की ज्याचा प्रयोग आहे आणि ज्याच्या शरीरावर तो होतो आहे, त्याच माणसाच्या हाती ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार असू नये. पुढे जाण्याची त्याची ओढ त्याला स्वतःलाच दिसत नाही. आमच्या फिटरना त्यांची ओढ दिसत नव्हती आणि कदाचित त्या सकाळी मला माझी भीती दिसत नसेल. म्हणूनच अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरला फोन करायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी पाहिलीच नव्हती. थांबवण्याची किंमत सर्वस्वी त्या फिटरनी मोजली होती. चाचणीचा भत्ता दुसऱ्याला मिळाला, नावही दुसऱ्याचे झाले, आणि कँटीनमध्ये ‘हार्टवाले’ म्हणून थट्टा त्यांची झाली. अंतराळवीरही डॉक्टरांपासून दुखणी लपवतात ते यामुळेच. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ कार्यक्रमाच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डीक स्लेटन यांना १९६२ मध्ये अनियमित नाडीमुळे थांबवले गेले आणि उड्डाणासाठी १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. हे डोळ्यांसमोर असताना दुसरा कोण आपणहून सांगेल? मी व्यवस्थापनाला लेखी कळवले की वैद्यकीय कारणाने ज्याला थांबवले जाईल त्याला त्या दिवसाचा पूर्ण भत्ता मिळावा आणि कारण दवाखान्याबाहेर जाऊ नये. सात महिने पाठपुरावा करावा लागला, पण ते मान्य झाले. त्यानंतर देखभालीसाठी कारखाना बंद ठेवला, त्या शटडाऊनमध्ये एक तरुण वेल्डर तपासणीआधीच दाराशी येऊन म्हणाला, “मॅडम, काल जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती.” त्याचे हिमोग्लोबिन अवघे सात निघाले.

त्या फिटरना मी एप्रिलमध्ये फिट लिहिले. जूनमध्ये ते त्याच रिअॅक्टरमध्ये उतरणार होते, म्हणून सकाळी पुन्हा समोर येऊन बसले. मी मनगट हातात घेतले आणि मोजू लागले. खिडकीबाहेर पाऊस लागला होता, पारसिकचा डोंगर धुक्यात दिसेनासा झाला होता आणि बोटांखाली ठोके एकसारखे येत होते. मी बराच वेळ हात सोडला नाही, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“दोन मिनिटं झाली, मॅडम.”

“अजून एक मिनिट बसा, भाऊ,” मी म्हणाले, आणि ते बसले.