शहरात २५ किलोमीटर चालायचं तर

डोंगरात दिवसभर सहज चालणारी माणसंही शहरात पंधराव्या किलोमीटरला पाय चोळत बसतात. चढ नसतो, पण जमीन सपाट आणि कडक असते. प्रत्येक पाऊल सारखंच पडतं आणि तळव्याची तीच जागा घासत राहते. म्हणून मार्ग आखताना अंतराइतकंच पायाखाली काय येणार हेही बघायचं.

नकाशावर आधी अडथळे शोधा: रेल्वेलाइन, नदी-नाले, महामार्ग. ते पायी कुठून ओलांडता येतात त्या पूल-भुयारी मार्गांवर खुणा करा, मार्गात घ्यायच्या बागा मग जोडा. उलट केलंत तर समोर दिसणाऱ्या बागेसाठी दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडतो. उड्डाणपुलावर फूटपाथ असेलच असं नाही; उपग्रहचित्र मोठं करून बघा. बागेच्या वेळा बघा आणि मागचं फाटक उघडं असतं का, हेही. नकाशावर फाटक असतं, प्रत्यक्षात त्याला कुलूप.

वेग ताशी ५ किलोमीटर धरू नका. सिग्नल आणि रस्ता ओलांडणं धरून ४ पुरे. म्हणजे २५ किलोमीटरला सव्वासहा तास, विश्रांती वेगळी. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं आणि फोन बऱ्याचदा जास्तच अंतर दाखवतो, तेव्हा त्या आकड्यावर फार खूश होऊ नये.

आता पाय. काही तासांनी ते सुजतात, म्हणून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरेल असा बूट हवा. सुती मोजे घाम धरून ठेवतात. ओली कातडी मऊ पडते, घासून तिचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तोच फोड. टाच वरखाली होत असेल तर लेस सर्वांत वरच्या भोकातून त्याच बाजूला ओवून छोटा फास करा, दोन्ही टोकं समोरच्या फासातून घालून ओढा. कुठे चटका जाणवला की तिथेच बूट काढा, जागा कोरडी करा आणि चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. पट्टीचे कोपरे गोल कापा, नाहीतर मोज्याला अडकून ती सुटते. ‘पुढच्या बागेत बघू’ म्हणालात की फोड आलाच.

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. तासन्‌तास एकाच कडेने चाललं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा किंवा कंबर एकाच बाजूला बोलू लागते. दोन्हीकडे फूटपाथ असतील तर बाजू बदलत राहा. फूटपाथच नसेल तर मात्र वाहनं समोरून येणारी बाजू सोडायची नाही, गुडघा काहीही म्हणो.

मातीच्या पायवाटांची बाग शक्यतो विसाव्या किलोमीटरनंतर येऊ द्या, आणि तिच्या अलीकडे बस किंवा लोकल मिळेल अशी जागा हेरून ठेवा.