हँडलची थरथर आणि माझे तीन महिने

पुणे ते कराड हे अंतर साधारण १६० किलोमीटरचे आहे. आईवडील कराडला असल्यामुळे महिन्यातून दोन शनिवारी मी हा प्रवास मोटारसायकलवरून करतो आणि गेली कित्येक वर्षे त्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. मागच्या पावसाळ्यानंतर मात्र एका शनिवारी घरी पोचल्यावर मला शर्टाच्या बाहीचे बटण काढता येईना. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या होत्या, आणि आईने पुढे केलेला चहाचा पेला किती गरम आहे हे तळहाताला कळत होते, पण त्या दोन बोटांना कळत नव्हते. तासाभराने संवेदना परत आली. पुढच्या फेरीला तिला परतायला रात्र झाली. डॉक्टरांनी रक्तातील साखर आणि बी-१२ तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले, तेव्हा त्यांनी सांगितले की या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या कडेने जाते आणि तिथे सतत दाब व कंपन बसले की ती कुरकुरते, म्हणून गाडी तरी बदला किंवा गाडीचे काहीतरी करा.

गाडी बदलायची नव्हती. माझी गाडी ३५० सीसीची, एकाच सिलिंडरची आणि जुन्या घडणीची आहे. तिच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे कंपन खोडण्यासाठी उलट फिरणारा वजनदार दांडा, नाही आणि इंजिन रबरावर न बसवता चौकटीला थेट बोल्टने जोडलेले आहे. शिवाय पाठीच्या दुखण्यामुळे मी उन्हाळ्यात मूळ हँडल काढून एक उंच, रुंद हँडल बसवून घेतले होते. कंपन वाढले ते त्यानंतर, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला लाजिरवाणा उशीर झाला.

सुरुवात मी सगळ्यांसारखीच केली, म्हणजे दुकानात जाऊन जे मिळेल ते हँडलला लावले. प्रथम फोमच्या जाड ग्रिप आणल्या. त्यांनी झिणझिण थोडी मऊ झाली, पण मूठ जाड झाल्याने ती आवळून धरावी लागे, आणि आवळून धरलेला हात कंपन अधिकच घेतो. सातारा येईपर्यंत मनगटही दुखू लागले. मग तळव्यात जेल असलेले हातमोजे घेतले. त्यांचा उपयोग झाला आणि ते मी अजून वापरतो, परंतु त्यांनी त्रास अर्धा तास पुढे ढकलला एवढेच. नंतर चकचकीत बार-एंड घेतले, जे हँडलच्या टोकांना बसवायचे वजन म्हणून विकले जात होते. फरक शून्य पडला, तेव्हा मी ते स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवले. ॲल्युमिनियमचे ते तुकडे प्रत्येकी ४५ ग्रॅम भरले. वजन म्हणून विकलेल्या वस्तूचे वजन करून पाहावे, हे मला आधी सुचले नव्हते.

या खर्चानंतर मी ज्यांच्याकडे नेहमी गाडी देतो त्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ग्रिपकडे पाहिलेही नाही. “साहेब, हँडल नंतर बघू. आधी थरथर चाकाची का इंजिनाची ते सांगा,” एवढेच ते म्हणाले, आणि ते कसे ओळखायचे तेही सांगितले. मोकळ्या सरळ रस्त्यावर ज्या वेगाला त्रास होतो त्या वेगाला यायचे, मग क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा. गाडी त्याच वेगाने घरंगळत असताना थरथर तशीच राहिली तर दोष चाकाचा, टायरचा किंवा बेरिंगचा. इंजिन मंदावताच थरथर गेली तर ती इंजिनाची. शिरवळच्या पुढे सकाळी लवकर हे करून पाहिले, तर क्लच दाबताच हँडल शांत झाले. याला हिशेबाचाही आधार आहे. माझ्या गाडीचे चाक एका फेरीत साधारण दोन मीटर अंतर कापते, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला ११ वेळा फिरते. तेवढी संथ थरथर हँडल हलल्यासारखी जाणवते. माझ्या बोटांत शिरणारी थरथर मुंग्यांची होती, कितीतरी अधिक वेगवान.

नेमकी किती, हे मोजण्यासाठी मी जुना फोन वापरला. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत ॲप फोनमधील त्वरणमापक वापरून कंपनाची वारंवारता दाखवते. नवा फोन मी मुद्दाम वापरला नाही, कारण मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिलेला आहे. फोन हँडलला घट्ट बांधून, ताशी ६० पासून ९० पर्यंत पाच-पाच किलोमीटरच्या टप्प्यांनी मी नोंदी घेतल्या. ताशी ८० ला कंपन सेकंदाला ५५ होते, म्हणजे मिनिटाला ३,३०० फेरे. इंजिनाच्या फेऱ्यांशी ते तंतोतंत जुळत होते.

या नोंदींतून मला जे दिसले त्यानेच पुढचे सगळे ठरले. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरतो आणि त्याचे धक्के क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावरच्या, प्रतिभाराने काही अंशीच खोडले जातात. पूर्ण खोडायला जावे तर तेवढाच धक्का आडव्या दिशेने उभा राहतो, म्हणून साधारण निम्म्यावर तडजोड केलेली असते. उरलेला धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणजे त्याच गिअरमध्ये ६० वरून ८० ला गेलो की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. या हिशेबाने ९० ला त्रास सर्वांत जास्त हवा होता. प्रत्यक्षात माझ्या आलेखात ७८ ते ८५ च्या दरम्यान एक उंच टेकडी होती आणि ९० ला कंपन उतरलेले होते. ही टेकडी इंजिनाची नव्हे, हँडलची होती. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसे त्या लांब, पातळ नळीचे स्वतःचे डोलणे आणि इंजिनाचे फेरे त्या वेगाला जुळत होते. आणि महामार्गावर मी बहुतेक वेळ नेमका त्याच वेगाने जात होतो.

तरीही मिस्त्रींनी क्रम सोडला नाही. त्यांनी आधी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चौकटीला जोडणारे, बोल्ट पाहिले आणि मागचा खालचा बोल्ट पान्याने अर्धा फेरा सहज फिरला. मग तेवढाच न आवळता त्यांनी सगळे बोल्ट सैल केले, इंजिन थोडे हलवून त्याच्या जागी बसू दिले आणि टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे टप्प्याटप्प्याने आवळले, कारण एकच बोल्ट ओढून आवळला तर चौकट ताणात राहते. सिलिंडर हेडला चौकटीशी जोडणाऱ्या पट्टीचा एक वॉशर गायब होता, तो घातला. चेन फार ताठ होती, तिला मापात ढील दिली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कोनसेट (हँडल ज्यावर वळते ती बेरिंग) आणि हँडलचे क्लॅम्प तपासले. या सगळ्याचा खर्च माझ्या ग्रिप आणि हातमोज्यांपेक्षा कमी आला, आणि नव्याने घेतलेल्या आलेखात टेकडीची उंची साधारण एक तृतीयांशाने घटली. जागा मात्र तीच राहिली.

आता वजनाची पाळी आली. हँडलच्या टोकाला भार वाढवला की त्याचे डोलणे संथ होते, त्यामुळे टेकडी कमी वेगाकडे सरकते. मूळ हँडल परत बसवणे हा सोपा उपाय होता, पण माझ्या पाठीला तो मानवला नसता. भोसरीतील एका लेथवाल्याकडून मी लोखंडाचे दोन तुकडे कातून घेतले, ३८ मिलिमीटर व्यासाचे आणि ३२ मिलिमीटर लांबीचे, मधून बोल्टसाठी भोक असलेले. प्रत्येकी सुमारे २७० ग्रॅम भरले. हँडलच्या नळीत फुगणाऱ्या रबरी बुशात बोल्ट आवळून ते मी घरीच बसवले.

इथे माझ्याकडून झालेली चूक सविस्तर सांगतो, कारण ती महागात पडली असती. उजव्या बाजूला ॲक्सिलरेटरची नळी हँडलवर मोकळी फिरायला हवी आणि सोडल्यावर स्वतःहून परतायला हवी. मी वजन तिला अगदी टेकवून आवळले होते. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर परतत होता, म्हणून मी निर्धास्त निघालो. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडे चढावर मूठ पिळली आणि सोडली, तर इंजिनाचा आवाज उतरेना. क्लच दाबून, किल स्विचने इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. मागे ट्रक नव्हता हे माझे नशीब. प्रवासात रबरी ग्रिप किंचित बाहेर सरकली होती आणि वजनाला घासत होती. त्यानंतर मी मध्ये एक वॉशर घालून दोन मिलिमीटरची फट ठेवली, आणि हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर परततो की नाही हे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी पाहतो. वजनांमुळे हँडलची रुंदी सहा सेंटिमीटरने वाढली आहे, त्याचीही गर्दीत सवय करून घ्यावी लागली.

परिणाम पाहण्यासाठी पुन्हा फोन बांधला. टेकडी ६५ ते ६८ च्या दरम्यान सरकली होती आणि तिची उंचीही कमी होती, कारण त्या वेगाला इंजिनाचा धक्काच लहान असतो. ८० ला आरशात मागच्या ट्रकच्या पुढच्या काचेवर रंगवलेली अक्षरे वाचता आली. पूर्वी तिथे नुसता रंगीत धूर दिसे. ६५ चा पट्टा मी आता वेग घेताना दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे त्या पट्ट्यात अडकण्याची वेळ येत नाही, कारण तिथे वेग ३० च्या वर जातच नाही.

हँडलच्या नळीत शिशाचे छर्रे भरण्याचाही सल्ला मला मिळाला होता. तो उपाय खरा आहे, दाण्यांच्या आपसातील घर्षणात कंपनाची ताकद जिरते. परंतु माझ्या हँडलला स्विचच्या तारांसाठी भोके आहेत आणि शिसे हाताळणे घरात लहान मूल असताना मला नको वाटले. कोरडी वाळू भरणे तर त्याहून वाईट, कारण ती ओल धरते आणि नळी आतून गंजते.

गेल्या शनिवारी कराडला पोचलो तेव्हा बाहीचे बटण पहिल्या प्रयत्नात निघाले. करंगळीच्या टोकाला थोडी मुंगी असते, ती चहा होईपर्यंत जाते. हात शांत झाल्यापासून मात्र पायांना काय सहन करावे लागते ते कळू लागले आहे. उजव्या फूटरेस्टचे रबर आतून पार झिजून लोखंडाला लागलेले निघाले. त्याचे माप घेऊन ठेवले आहे.