बावीस हजार आणि एका पायाची नखं

परवा नाइट करून आले नि आडवी झाले, तेवढ्यात वॉशिंग मशीन संपल्याचं बीप बीप वाजलं आणि मी झोपेतच हात लांब करून आयसीयूतल्या इन्फ्युजन पंपाचं (सलाइनमधून औषध सोडणारं मशीन, तेही असंच वाजतं) बटण चाचपडत होते. पोरगं खो खो हसलं. मला काही हसू आलं नाही.

चौदा वर्षं झाली आयसीयूत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्या झाल्या पुण्यात आले ती आलेच. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर असं पुस्तकात असतं, माझ्याकडं कायम दोन, कुणी दांडी मारली तर तीन, मग एकाचं सक्शन करतेय, म्हणजे नळीतला कफ ओढतेय, तोवर दुसऱ्याचं बीपी पडतंय आणि तिसऱ्याचे नातेवाईक दारात उभे राहून बिल एवढं कसं झालं ते मलाच विचारतायत, जसं काही बिल मीच करते. हँडओव्हर देऊन बाहेर पडायला साडेनऊ. एवढं करून हातात चौतीस हजार, नाइटचे धरून. 2016 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून बसलेल्या समितीनं सांगितलं होतं की दोनशेच्या वर बेड असतील तर खाजगी हॉस्पिटलनं सरकारी सिस्टरएवढा पगार द्यावा, आणि पन्नासपेक्षा कमी बेड असले तरी वीस हजाराच्या खाली नको. आमच्याकडं बेड तीनशेच्या वर आहेत. बाकी काय बोलायचं.

तर आता सिंहगड रोडच्या पुढं एका वृद्धाश्रमात जागा आहे. बावीस हजार, आठ ते पाच, महिन्यात चार नाइट. सासूबाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांचं शी-शू काढायला एवढी शिकलीस का गं? (आयसीयूत काय वेगळं करते मी, पण जाऊदे.) मैत्रीण तिथं इनचार्ज आहे, ती म्हणाली ऑफच्या दिवशी नुसती येऊन बघ तरी.

गेले. आरामाची नोकरी वगैरे काही नाहीये हं ती. एक्केचाळीस जण, रात्री एक सिस्टर आणि दोन मावश्या, डॉक्टर फोनवर. उचलून-फिरवून कंबरेची वाट लागणार ते दिसतंच होतं. एक आजोबा सकाळपासून स्टेशनवर सोडा म्हणून ओरडत होते, मावशी म्हणाल्या आज डोकं फिरलंय त्यांचं. मी सवयीनं युरीन बॅग बघितली, गढूळ. या वयात युरीन इन्फेक्शनला ताप येतोच असं नाही, माणूस एकदम भरकटतं. मैत्रिणीला सांगितलं, तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला, सॅम्पल गेलं. मला उगाच भीती होती की आयसीयू सोडलं की शिकलेलं सगळं गंजणार. ती भीती तिथं जरा कमी झाली.

मग एक आजी म्हणाल्या, सिस्टर, नखं काढता का, मला वाकवत नाही. पायाची नखं जाड, पिवळी, करवंटीसारखी. शुगर आहे, म्हणजे कोपऱ्यात खोल जायचं नाही, सरळ कापायची. कोमट पाण्याचा टब घेतला, पाय नीट पुसला, बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना बघितलं, आणि एकेक नख थोडं थोडं करून काढत बसले. आजी फलटणच्या निघाल्या, माझ्या माहेरच्याच, मग काय, रामाचा रथ, बाजारपेठ, कुणाचा वाडा कुठं ते सगळं. आमच्याकडं पेशंटच्या तोंडात ट्यूब असते, वरून सिडेशन, पेशंटशी इतका वेळ गप्पा मी शेवटच्या कधी मारल्या ते आठवेचना.

एकच पाय झाला नि जेवणाची घंटा वाजली. आजी म्हणाल्या, राहूदे, दुसऱ्याची पुढच्या वेळी. मी हो म्हणून बसले.

रात्री ह्यांच्यासोबत वही घेऊन बसले. गाडीचा हप्ता, क्लासची फी, आईची औषधं. बारा हजारांचं भोक काही बुजत नाहीये, ओव्हरटाइम तिथं नसतो. हे म्हणाले, तू ठरव. राजीनामा टाइप करून मोबाइलात पडलाय, तारीख टाकलेली नाही. गुरुवारी ऑफ आहे, आजींचा दुसरा पाय करून येते, मग बघू.