बोल्हाईच्या मटणाच्या चापा

आमच्या सासरी बोल्हाईचंच मटण चालतं, म्हणजे मेंढीचं. पुणे जिल्ह्यात वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी अशी बरीच घरं आहेत जी शेळी-बोकडाचं खात नाहीत, म्हणून तर पुण्यात दुकानाच्या पाटीवरच ‘बोल्हाईचे मटण’ असं लिहिलेलं दिसतं. बोकडापेक्षा याला चरबी जास्त आणि वासही वेगळा, पण चापा, म्हणजे हाडासकट कापलेले जाड तुकडे (चॉप्स), खाव्यात तर याच्याच, हे माझं ठाम मत.

मटणवाल्याकडे सहसा आपण मिक्स घेतो, चापांसाठी मात्र आधी सांगून ठेवायचं, की दादा हाड अख्खं ठेवा, बोटभर जाड कापा आणि कडेची चरबी काढू नका. माझी नणंद परदेशात असते, तिकडे वर्षाच्या आतल्या कोकराच्या चापा मिळतात, त्या पाच-सात मिनिटांत आतून गुलाबी ठेवून होतात. आपल्याकडचं मटण बहुतेक वेळा मोठ्या मेंढीचं असतं, त्याला वेळ द्यावाच लागतो.

एक किलोला २ चमचे कच्च्या पपईचा कीस, आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं वाटण, हळद, मीठ आणि थोडं घट्ट दही चोळून दीड-दोन तास ठेवते. रात्रभर नको, पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं आणि जास्त वेळ राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. मग जाड बुडाचं पातेलं, चमचाभर तेल, चापा पसरून मंद गॅस, आणि झाकण म्हणून वर पाणी भरलेलं ताट. आत पाणी घालायचं नाही, मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, कमी पडलंच तर ताटातलं गरम झालेलं पाणी थोडं थोडं घालायचं. पाऊण ते एक तास लागतो. कुकरमध्ये लवकर होतात हे खरं पण हाड एकीकडे आणि मांस एकीकडे होतं, मग त्या चापा कसल्या!

खरी मजा लोखंडी तव्यावर. तेल न घालता आधी चापा चरबीच्या कडेवर उभ्या धरायच्या, चिमट्याने, तडतड आवाज येतो आणि कड सोनेरी होत चरबी वितळून तव्यावर पसरते, मग त्याच चरबीत दोन्ही बाजू लाल करायच्या आणि उतरवताना कांदा-लसूण मसाला भुरभुरायचा.

पण मेंढीची चरबी गार झाली की लगेच थिजते, टाळूला चिकटते, म्हणून चापा तव्यावरून थेट ताटातच पडायला हव्यात. सासूबाई आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवल्या, म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी गरम चाप कधी खाल्लीच नसणार, ते मला फार लागतं. आता भाकरी आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवते, कांदा-लिंबू चिरलेलं असतं, सगळे बसले की मगच तवा तापवायचा आणि पहिल्या दोन चापा आईंच्या ताटात, दुसरा घाणा नवरा भाजतो तेव्हा मी बसते. ‘तुम्ही खा गं आधी’ म्हणतात अजून, पण आता हात आखडता घेत नाहीत.

उरल्याच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चिवट होतात. तव्यावर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवा, चरबी परत सुटते.