'दोन वेळा लावा' म्हणजे नेमकं कुठे?

मला फिशर होतं, म्हणजे गुदद्वाराला चीर पडलेली. संडासात असताना जे व्हायचं ते एक वेळ सोसता यायचं. काच सरकल्यासारखी कळ, लालभडक रक्ताचे दोन थेंब, झालं. खरा छळ बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. आतमध्ये कुणी मूठ आवळत नेल्यासारखं व्हायचं आणि मग दोन-दोन, तीन-तीन तास ठणका. बसवायचं नाही, उभं राहवायचं नाही. एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं आणि घड्याळ बघायचं.

पहिला महिना मी हे मूळव्याध समजून काढला. खालच्या अंगाला काही झालं की आपण सगळं मूळव्याधीच्याच खात्यात टाकतो. मूळव्याधीच्या मलमाने काहीही झालं नाही. घरात 'पाठ धरलीय' असं सांगितलं होतं, त्यामुळे पाठीची, स्नायू सैल करणारी गोळीही मिळाली आणि मी ती घेतलीही. तिचाही उपयोग शून्य. मग कोडीन असलेली वेदनाशामक गोळी घेतली. तिने ठणका थोडा बोथट केला खरा, पण पोट असं काही बांधलं की चौथ्या दिवशीचा प्रसंग मी लिहिणार नाही. फिशर असताना अशी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, एवढंच सांगतो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. तपासणीच्या भीतीने इतके दिवस टाळलं होतं आणि तपासणी अर्ध्या मिनिटात संपली. नुसतं बाजूला करून पाहिलं, बोटसुद्धा घातलं नाही. "फिशर आहे. चीर पडलीय. मलम देतो, दोन वेळा लावा, सहा आठवड्यांनी या." पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

माझी पुढची सगळी फरफट या 'दोन वेळा लावा'मधून झाली.

कुठे लावा? मला वाटलं, दुखतंय तिथे, बाहेरून. किती? गळवावर थापतात तसं भरपूर. कशाने? बोटाने, उघड्या. औषध होतं ग्लिसरिल ट्रायनायट्रेट, म्हणजेच नायट्रोग्लिसरीन. हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवतात तेच. ते कातडीतून थेट रक्तात जातं, बोटाच्या कातडीतूनसुद्धा. पहिल्याच रात्री डोक्यात घण पडायला लागले. उठून पाणी प्यायला गेलो तर भिंत धरावी लागली.

मी दोन दिवस बंद केलं. मग ठणका असह्य झाला म्हणून परत लावलं, परत डोकं. परत बंद. असं तीन वेळा. दवाखान्यात फोन केला तर "डॉक्टर बिझी आहेत, पुढच्या भेटीत विचारा." दुसऱ्यांदा केला, तेच. तिसऱ्यांदा फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या, "मलमाने डोकं कसं दुखेल?" पुढची भेट साडेचार आठवड्यांवर होती.

त्या काळात रात्री डोकं धरून वाचत बसायचो. नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलं. ते बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी भयंकर दुखायचं. आठवडाभरात शरीराला सवय व्हायची, सुट्टीत ती सवय मोडायची आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे. डायनामाइट शोधणाऱ्या खुद्द आल्फ्रेड नोबेलला 1890च्या दशकात डॉक्टरांनी हृदयासाठी हेच औषध सांगितलं होतं. हे वाचताना माझ्या लक्षात आलं की बंद-चालू, बंद-चालू करून मी दर तीन दिवसांनी स्वतःसाठी नवा सोमवार तयार करत होतो. हे डोकं दुखणं अपेक्षितच असतं, बऱ्याच जणांना होतं, नेमाने लावत राहिलं तर बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं आणि पॅरासिटामॉलने आवरतं. हे एक वाक्य. चिठ्ठीवर मावलं असतं.

आणि नळीसोबतचा कागद? तो मी खोक्यासकट फेकून दिला होता. ही चूक माझी. तुम्ही फेकू नका. जागा, माप, सगळं त्यावर छापलेलं असतं.

भेटीची वाट न पाहता दुसऱ्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी कागदावर एकात एक दोन वर्तुळं काढली, गुदद्वाराभोवतीचे दोन स्नायू. बाहेरचा स्नायू तुमचं ऐकतो, म्हणाल्या, आतला ऐकत नाही. तो आपोआप मिटलेला राहतो. चीर पडली की दुखतं, दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्त नाही तर जखम भरत नाही. चीर बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच असते आणि तिथे रक्त मुळातच कमी पोचतं. म्हणजे तीन तासांचा ठणका जखमेचा नव्हताच, पेटका आलेल्या स्नायूचा होता. पाठीची गोळी का चालली नाही तेही कळलं. ती हातापायाच्या, पाठीच्या स्नायूंसाठी असते. हा वेगळ्या जातीचा. मलम चिरेला लावायचं नसतंच, त्या आतल्या स्नायूला सैल करायचं असतं. महिनाभर मी दाराला रंग देत होतो, अडकलं होतं कुलूप.

मग आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारलं, "सिल्डेनाफिल वगैरे घेता का?" मी घेत नव्हतो. पण ती लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र आले तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो, आणि हा प्रश्न आधी कुणीही विचारला नव्हता. तुम्हालाही विचारला नाही, तर लाज सोडून आपणहून सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही.

माझं डोकं बघून त्यांनी मलम बदललं. डिल्टियाझेम, 2 टक्के. तेही स्नायू सैलच करतं, पण डोकेदुखी बरीच कमी. दिवसातून दोनदा, आठ आठवडे. वाटाण्याएवढं, पातळ रबरी हातमोजा घालून, कडेला आणि साधारण एक सेंटिमीटर आत. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात बसायचं, मग कोरडं करून लावायचं. या क्रमाने मला जास्त आराम पडला. सोबत रात्री लॅक्टुलोज, शौच मऊ करणारं औषध. त्याचं प्रमाण सांभाळा, पोट पातळ झालं तर तेही तितकंच चावतं. मऊ हवं, पातळ नको.

नवव्या दिवशी ठणका पाऊण तासात थांबला. मी घड्याळ दोनदा पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खा दिवस असा गेला की ठणका आला नाही हे संध्याकाळी आठवलं. थोडी खाज सुटायची, या मलमाने सुटते म्हणे, चालवून घेतली.

आणि मग चौथ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं धरून मलम बंद. सहाव्या दिवशी मूठ परत आवळली. दुखणं आधी थांबतं, चीर मागाहून भरते, हे मला सांगितलेलं होतं. याचं खापर कुणावर फोडता येत नाही. मुकाट्याने परत सुरू केलं आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पुरे केले.

नसतंच भागलं तर पुढे बोटॉक्सचं इंजेक्शन होतं, दोन-तीन महिने स्नायू ढिला ठेवणारं. नाहीतर स्नायूला छोटा छेद देणारी शस्त्रक्रिया. ती सगळ्यात खात्रीची, पण वारा धरून ठेवण्यावरचा ताबा थोडा सुटण्याची जोखीम असते. माझ्यावर ती वेळ आली नाही. रक्त मात्र एकदा डॉक्टरांना दाखवाच. दर वेळी ते फिशरचंच असतं असं नाही, आणि चीर मागे-पुढे नसून बाजूला असेल तर डॉक्टर दुसरी कारणंही शोधतात.

पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. 'दोन वेळा लावा'च्या खाली पेनाने लिहिलंय: आत. वाटाण्याएवढं. हातमोजा घालून. डोकं दुखेल.