लढाईच्या देखाव्यापेक्षा तिरंदाजीची स्पर्धा खरी

इंग्लंडमधील ट्यूक्सबरी या गावी दर उन्हाळ्यात मध्ययुगीन जत्रा भरते आणि ४ मे १४७१ रोजी तिथे झालेल्या लढाईचा प्रयोग मोठ्या गर्दीसमोर रंगतो. इंग्लंडच्या गादीसाठी भांडणाऱ्या दोन घराण्यांपैकी यॉर्कचा राजा चौथा एडवर्ड जिंकतो, लँकेस्टर पक्षाचा तरुण राजपुत्र मारला जातो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून खाण्याच्या तंबूंकडे वळतात. अशा प्रयोगांत चिलखते, निशाणे, तोफांचा धूर हे सारे मन लावून उभे केलेले असते. मला खटकतात ते फक्त तिरंदाज. सुरक्षिततेसाठी त्यांना हलकी धनुष्ये आणि टोकाला रबरी बोंड बसवलेले बाण वापरावे लागतात, ते बाण उंच सोडावे लागतात आणि समोरच्या फळीतील माणसे ठरल्याप्रमाणे कोसळतात. हे नियम अगदी योग्य आहेत, याविषयी वाद नाही. परंतु ज्या लांब इंग्रजी धनुष्याने इंग्लंड-फ्रान्समधील शंभर वर्षांच्या युद्धात फ्रेंच सरदारांना धडकी भरवली, त्याचा खरा परिचय यातून होत नाही.

तो परिचय अशाच मेळ्यांच्या कडेला, दोर बांधून राखलेल्या पट्ट्यात होतो. तिथे तीच माणसे स्वतःचे धनुष्य आणि खऱ्या टोकाचे बाण घेऊन स्पर्धेला उभी राहतात, आणि निकाल आधी कोणालाच ठाऊक नसतो. माझ्या मते इतिहासाशी अधिक इमान राखणारा भाग हाच आहे, कारण मध्ययुगीन इंग्रज तिरंदाजाच्या आयुष्यातील बहुतेक बाण शत्रूवर नव्हे, गावाबाहेरच्या मातीच्या ढिगावर सुटत असत. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की धडधाकट पुरुषांनी सणासुदीला मोकळ्या वेळेत धनुष्यबाणाचा सराव करावा आणि फुटबॉल, हातचेंडू, कोंबड्यांच्या झुंजी असले निरुपयोगी खेळ सोडावेत. पुढे १५४१-४२ च्या कायद्यात आठव्या हेन्रीने तर चोवीस वर्षांवरील पुरुषांना हलक्या, लांब पल्ल्याच्या बाणांनी २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर नेम धरण्यास मनाई केली. राजाला हवा होता तो जवळचा अचूक नेम नव्हे, तर दूरवर जोरकस बाण टाकणारा खांदा.

म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दूरच्या निशाणाचा प्रकार. जमिनीत एक लहानसे निशाण रोवतात आणि तिरंदाज सुमारे १८० यार्डांवरून, म्हणजे जवळपास १६५ मीटरवरून, त्याच्या रोखाने आभाळात बाण सोडतात. जमिनीत रुतलेला बाण निशाणापासून किती अंतरावर आहे, त्यावर गुण मिळतात. बारा फुटांच्या आत पडला तरच तो मोजला जातो. एवढ्या चढ्या कोनात धनुष्य धरले की निशाण बहुधा हाताआड जाते. दूरच्या झाडाचा शेंडा किंवा ढगाची कड अशी खूण मनाशी धरावी लागते, आणि ढग सरकतो. वारा किती ढकलील याचा अंदाज तर प्रत्येक बाणागणिक नव्याने बांधावा लागतो. रंगीत वर्तुळांच्या पाटीवर नेम धरणाऱ्याला जे शिकता येत नाही, ते इथे आपसूक अंगवळणी पडते.

उभ्या रोवलेल्या काठीवर नेम धरण्याचा प्रकार प्रेक्षकांना अधिक आवडतो, कारण काठी फुटते तेव्हा आवाज होतो. उंच खांबावर लाकडी पक्षी बसवून तो पाडण्याची स्पर्धाही जुनी आहे. स्कॉटलंडमधील किलविनिंग येथे मठाच्या मनोऱ्यावरून बाहेर काढलेल्या दांड्यावर असा पक्षी अजूनही बसवतात आणि ही प्रथा १४८३ पासूनची असल्याचे तिथले तिरंदाज मंडळ सांगते.

वेगाची फेरी हा वेगळाच विषय आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम’ या संस्थेच्या प्रमाणित स्पर्धेत ४०, ३० आणि २० यार्डांवरून प्रत्येकी सहा बाण सोडून झाल्यावर २० यार्डांवरून तीस सेकंदांत जमतील तितके बाण सोडायचे असतात. मध्ययुगीन तिरंदाज मिनिटाला दहा-बारा बाण सोडत, हे वाक्य लेखालेखांतून वाचायला मिळते. हलक्या धनुष्याने ते जमते, हे अशा फेरीत दिसतेच. पण तिरंदाजाजवळ सामान्यतः चोवीस बाणांची एक जुडी असे, हे लक्षात घेतले तर त्या गतीने त्याचे हात दोन मिनिटांत रिकामे झाले असते. वेग अंगी असणे आणि तो सतत वापरणे यांत फरक आहे, आणि सेनानायकाला तो नक्कीच कळत असणार.

या स्पर्धांची लंगडी बाजू म्हणजे धनुष्याचा जोर. १९ जुलै १५४५ रोजी बुडालेले आणि १९८२ साली वर काढलेले आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज आपल्याला इथे नम्र करते. त्यातून दीडशेहून अधिक लांब धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. ती धनुष्ये पूर्ण ओढण्यास साधारण १०० ते १८५ पाउंड, म्हणजे ४५ ते ८४ किलोंच्या आसपास, जोर लागत असावा असा अंदाज आहे. मेळ्यातील बहुसंख्य स्पर्धक, मीही त्यांतलाच, ४०-५० पाउंडांवर समाधान मानतात. ‘यू’ झाडाच्या एकाच फाळीतील ताण सोसणारे बाहेरचे फिकट लाकूड आणि दाब सोसणारा आतला गाभा यांचा मेळ साधून घडवलेले भारी धनुष्य पेलायला लहानपणापासून कमावलेले शरीर लागते. जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांतील वेगळेपणही अभ्यासकांनी या मेहनतीशी जोडले आहे. आठवड्याला एक तास सराव करणाऱ्याने उगाच फुशारकी मारू नये, हेच बरे.

साधनांविषयी मात्र आयोजक सहसा कडक असतात: लाकडी बाण, खऱ्या पक्ष्यांची पिसे, आणि नेम धरण्याचे कोणतेही उपकरण नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपदे मिळवली ती चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर, जे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच हलका करते. साध्या लांब धनुष्यावर भार ओढीबरोबर वाढतच जातो, म्हणून इथे नेम धरून थांबायला सवड नसते. दोन्ही कला थोर आहेत. एकीचे माप दुसरीला लावणे मला व्यर्थ वाटते.

पुनर्निर्मिती नसलेली, केवळ चालत आलेली स्पर्धा पाहायची असेल तर यॉर्कशरमधील स्कॉर्टन गावात १६७३ साली सुरू झालेल्या चांदीच्या बाणाच्या स्पर्धेकडे वळावे. काळ मध्ययुगानंतरचा असला तरी रीत जुन्या वळणाची आहे. शंभर यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यावर तीन इंचांचा काळा ठिपका असतो. त्याला जो प्रथम भेदील तो कर्णधार होतो आणि पुढची स्पर्धा भरवण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते. सर्वांत बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यात शेवटचा बाण मारणाऱ्यालाही बक्षीस आहे: शिंगाचा चमचा.